शुक्रवारी रात्री दोन दहाचं विमान

मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर विमानाने साधारण साडेसहा हजार किलोमीटर आहे आणि त्याला नऊ तास लागतात. चाकणच्या आमच्या कंपनीपासून तळवड्यातल्या काकांच्या वर्कशॉपपर्यंतचं अंतर जेमतेम चौदा किलोमीटर आहे आणि त्याला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. ही दोन्ही अंतरं मी एका दमात कापली. तेव्हा कोणता वार चालू आहे हेच मला नीट कळलेलं नव्हतं, आणि त्यापायी काकांचं तीस वर्षांचं काम जायची वेळ आली होती.

हे काका माझ्या नात्यातले नव्हेत. ते सांगोल्याकडचे. तरुणपणी लेथवर हेल्पर म्हणून पिंपरीत आले आणि हळूहळू स्वतःचं शेड उभं केलं. पुढे वर्कशॉप, मागे घर. सहा मशीन, अकरा माणसं. मी लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावचा. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. डिप्लोमा करून मी इकडे आलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन शर्ट होते आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा कागद होता. काकांच्या दारात उभं राहून मी आधी तो कागदच दाखवला आणि म्हणालो, "काम पाहिजे, पण मला डिग्री पण करायची आहे."

काकांनी कागद वाचला नाही. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कालिज दिवसा असतं ना?"

"हो."

"मग तू माझा थर्ड शिफ्टचा माणूस. रात्री बारा ते सकाळी सात. झोपायचं कधी ते तुझं तू बघ."

तीन वर्षं मी तसं केलं. सकाळी सातला हात धुतले की काकू मागच्या दारातून पोह्यांची ताटली द्यायच्या आणि मी बसने कॉलेजला जायचो. परीक्षेच्या दिवसांत काका मला मशीनवर लावायचे नाहीत. मोजणीच्या टेबलावर बसवायचे, म्हणजे मध्ये मध्ये वही उघडता यावी. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. "मशीनला मेंटेनन्स आहे," एवढंच सांगायचे. सहा मशीनपैकी नेमकं माझंच मशीन परीक्षेच्या वेळी बिघडतं, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

कारखान्यातला एक रिवाज इथे सांगायला हवा. आमच्या पट्ट्यात दिवस रात्री बाराला बदलत नाही. तो सकाळी सातला बदलतो. शुक्रवारची फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला, सेकंड दुपारी साडेतीनला आणि थर्ड रात्री बाराला. ही थर्ड शिफ्ट कॅलेंडरप्रमाणे शनिवारच्या पहाटेची असली तरी हजेरीत, प्रॉडक्शनच्या बोर्डावर, पगाराच्या कागदावर ती शुक्रवारचीच. शुक्रवारचे रात्रीचे दोन म्हणजे शुक्रवारचा दिवस संपताना येणारे दोन. तीन वर्षं मी याच हिशेबाने जगलो. माझ्या अंगातला वार सकाळी सातच्या भोंग्याने बदलायचा, आणि चांगली नोकरी लागल्यावरही तो तसाच राहिला होता.

डिग्री झाली. घराण्यात पहिली. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात लागलो, आणि माझ्याकडे ज्या लहान वर्कशॉपांचं काम तपासायचं आलं त्यांत काकांचं वर्कशॉपही होतं. ते आमच्यासाठी एक बुश बनवायचे. बुश म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीचं पोलादी नळकांडं. त्याच्या छिद्रात दांडा बसतो. तो बुश जहाजाने जर्मनीतल्या एका गिऱ्हाईक कंपनीकडे जायचा. काकांच्या वर्कशॉपचं निम्म्याहून जास्त काम त्या एका बुशचं होतं. मी तपासणीला गेलो की काका मुद्दाम खुर्ची पुसून द्यायचे आणि कामगारांना ओरडून सांगायचे, "सरळ उभे राहा रे, साहेब आलेत!" मी लाजेने खुर्चीत बसायचो नाही, आणि ते त्यावरही हसायचे.

मग एका सोमवारी जर्मनीहून मेल आली. नव्या लॉटमधल्या बुशांत दांडा जात नव्हता. छिद्र केसाहूनही कमी फरकाने, पण लहान होतं.

कारण त्याच दिवशी सापडलं. छिद्र तपासायला गेज असतो. तो एक घोटलेला दांडाच असतो. तो छिद्रात गेला की पीस पास. रोज शेकडो छिद्रांत जाऊन गेज झिजतो, बारीक होतो, आणि मग लहान छिद्रातही जायला लागतो. काकांचा गेज झिजला होता. तो बदलायची तारीख उलटून गेली होती. त्यांना आठवण राहिली नव्हती आणि मीही करून दिली नव्हती. तरी माल नाकारल्याचा कागद मलाच काकांच्या हातात द्यावा लागला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे. चूक आहे." एवढंच.

आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "तिकडे शुक्रवारी दुपारी दोनला सेकंड शिफ्ट सुरू होते. तोपर्यंतचा चांगला माल त्यांच्याकडे आहे. त्याआधी नवे बुश पोहोचले नाहीत तर लाइन थांबेल. आणि लाइन थांबली तर हे काम तुझ्या काकांकडून काढून दुसऱ्याला दिलं जाईल. ते मला थांबवता येणार नाही. कळलं?"

कळलं होतं. बुश गेला तर सहापैकी चार मशीन बंद पडणार होती, आणि अकरापैकी कुणाला घरी पाठवायचं हे काकांना ठरवावं लागणार होतं.

अशा वेळी आमच्याकडे हॅन्ड कॅरी करतात, म्हणजे माणूसच बॅगेत माल घालून विमानाने नेतो. बातमीत येण्यासारखं त्यात काही नाही. चाकणमधून असा कोणी ना कोणी नेहमी जात असतो. मी आधी कधी विमानात बसलो नव्हतो, पण एका रद्द झालेल्या ट्रेनिंगसाठी काढलेला जर्मनीचा व्हिसा माझ्या पासपोर्टवर तसाच होता. साहेबांनी बोट माझ्याकडे केलं. बुधवारी संध्याकाळी तिकीट आलं: मुंबई ते फ्रँकफर्ट, शुक्रवार, दोन वाजून दहा मिनिटं. पोहोचणार शुक्रवारीच, सकाळी सहा चाळीस.

ते तिकीट घेऊन मी तळवड्याला गेलो. काकांनी नवा लॉट सुरू केला होता. दोनशे बुश करायचे होते. मी बोर्डावर खडूने वेळापत्रक मांडलं. इथे मला शिकल्याची जरा चढलीच होती, हे कबूल करतो. शाळेत भूगोलाचे गुरुजी पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे करायला शिकवायचे, ते मला पक्कं आठवत होतं. "शुक्रवारी, थर्ड शिफ्टला विमान निघेल," मी सांगितलं. "म्हणजे आपण शुक्रवारी संध्याकाळी सहाला इथून निघायचं. माल शुक्रवारी दुपारपर्यंत तयार झाला तरी चालेल. विमान पोहोचेल शुक्रवारी सकाळी सहा चाळीसला. त्यांना माल हवा शुक्रवारी दुपारी दोनला. सात तास हातात."

काका बोर्डाकडे बघत राहिले. "शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि शुक्रवारी सकाळी पोचायचं?"

"घड्याळ मागे जातं, काका."

"एवढं मागं?"

"जर्मनी लांब आहे."

"आयला," काका कामगारांकडे वळून म्हणाले, "बघा रे, शिकल्याचा फायदा! आपला इंजिनिअर निघायच्या आधीच पोचतोय!"

सगळे हसले. मीही हसलो. मला तो चमत्कार वाटलाच नाही. विमानाचं असंच असेल असं वाटलं. माझा सगळा जन्म एसटीने प्रवास करण्यात गेला होता, आणि एसटी कधी निघायच्या आधी पोहोचल्याचं ऐकिवात नव्हतं, पण विमानाबद्दल माझी काय हिंमत शंका घ्यायची?

गुरुवारी दुपारी मी चाकणला ऑफिसात निर्यातीचे कागद गोळा करत होतो. सव्वातीनच्या सुमाराला गाडी ठरवायला फोन केला. थेरगावात डांगे चौकाजवळ एक ड्रायव्हर आहेत. तिथल्याच गावठाणातले, पन्नाशीचे. मुंबई विमानतळावर माणसं सोडणं हाच त्यांचा धंदा. मी सांगितलं, "उद्या संध्याकाळी सहाला तळवड्याहून निघायचंय."

"विमान कितीचं?"

"रात्री दोन दहाचं."

"टिकिटावर वार कोनता लिव्हलाय?"

"शुक्रवार."

मग ते म्हणाले, "भाऊ, आज काय वार हाय?"

"गुरुवार."

"मंग आजच निघायचं. शुक्रवारचं दोन म्हंजी आज रातचं दोन. बारा वाजलं की शुक्रवार लागला. उद्या संध्याकाळी गेलात तर विमानाचा धूर बी दिसायचा न्हाई."

माझ्या हातातले कागद टेबलावर पडले. ते पुढे बोलतच होते. "गेल्या साली एक पाव्हणं असंच. लेकीकडं चाललं हुतं. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, समदं गाव सोडाया आल्यालं. विमान आदल्या रातीच गेल्यालं. परत येताना तो हार माझ्याच गाडीत इसरलं बघा. हॅलो? हायसा का?"

"आहे," मी म्हणालो.

"पासपोर्ट कुटं हाय?"

"घरी, बायकोजवळ. थेरगावातच."

"घरी फोन करून सांगा. मी वहिनींकडनं घेऊन येतो. तुमी तळवडं गाठा. सातला निघू. घाबरू नका राव, निघायच्या आधी कळलंय न्हवं?"

त्या माणसाने वार विचारला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

आधी साहेबांना फोन लावला आणि चूक जशी होती तशी सांगितली. ते म्हणाले, "रडायचं ते परत आल्यावर. सोमवारी कार्गोने दुसरा लॉट पोहोचेल. तोपर्यंत लाइन चालायला एकशे साठ पीस पुरतील. त्याहून कमी नेऊ नकोस. नीघ." मग काकांना फोन केला. मी मनात तयार केलेली माफी अर्ध्यावर तोडून ते म्हणाले, "किती वाजता निघायचं?"

"सातला. निदान एकशे साठ पीस पाहिजेत."

"एकशे साठ?"

"हो."

"मग फोन ठेव."

साडेतीनला शिफ्ट सुटते आणि चाकणचे रस्ते भरतात. कंपन्यांच्या बसा, कंटेनर, दुचाक्या, सगळं एकाच वेळी बाहेर पडतं. कागदांची पिशवी पोटाशी बांधून मी मोटरसायकलवर होतो. म्हाळुंग्याजवळ एक लांब कंटेनर वळता वळता आडवा अडकला होता आणि पुढे काहीच हलत नव्हतं. फ्रँकफर्टपर्यंतचा मिनिटामिनिटाचा हिशेब मी बोर्डावर मांडला होता. हा कंटेनर त्यात कुठेच नव्हता. शेवटी लोकांच्या मागोमाग मीही गाडी रस्त्याखाली उतरवली, मातीतून ढकलत नेली आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला. चौदा किलोमीटरला पावणेदोन तास लागले.

वर्कशॉपमध्ये शिरलो तेव्हा कुणी वर बघितलं नाही. फर्स्ट शिफ्टची माणसं घरी गेलीच नव्हती. काका स्वतः होनिंगच्या मशीनवर उभे होते. छिद्राला शेवटचा हात तिथे बसतो, आणि त्या मशीनवर ते कित्येक वर्षांत उभे राहिले नव्हते. काकू टेबलावर बसून तयार बुश पुसत होत्या आणि गंज चढू नये म्हणून एकेक तेलकट कागदात गुंडाळत होत्या. मी नवा गेज घेऊन तपासायला बसलो. तिथलीच खुर्ची, तेच टेबल, जिथे मी परीक्षेच्या वेळी वही उघडून बसायचो.

साडेसहाला ड्रायव्हर आले. पासपोर्ट, स्वेटर आणि एक लहान बॅग त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "वहिनी म्हनल्या, पासपोर्ट हातात द्या, खिशात ठेवू देऊ नका." मग तेही काकूंच्या शेजारी बसून कागद फाडून द्यायला लागले.

पावणेसातला मोजले तर एकशे अठ्ठावन्न होते. शिवाय बाजूला नऊ पीस पडले होते. त्यांत गेज जात होता, पण दाबून. एक कामगार हळूच म्हणाला, "जातंय की, काका. घाला त्यातले दोन. निघू दे ह्यांना."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

काकांनी ते नऊ पीस उचलले आणि भंगाराच्या डब्यात टाकले. आवाज झाला तेव्हा सगळे थांबले. "दाबून घातल्यावर सगळंच जातं," ते म्हणाले. "त्या जुन्या गेजाने अशीच लहान छिद्रं पास केली. आता परत तेच करायला हा पोरगा एवढ्या लांब जातोय का?" आणि ते पुन्हा मशीनकडे वळले.

सात वीसला एकशे चौसष्ट झाले. दोन बॅगांत भरले. एका बॅगेत तेवीस किलोच चालतात म्हणून भंगाराच्या काट्यावर तोलले. दोन्ही बॅगा काठोकाठ. माझे कपडे ठेवायला जागा राहिली नाही. मी स्वेटर अंगात घातला आणि बाकीचं तिथेच सोडलं. काकूंनी दशम्यांची पुरचुंडी स्वेटरच्या आत सारली. "हे वजनात धरत नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

काका गाडीपर्यंत आले. त्यांचे हात तेलाचे होते म्हणून त्यांनी मला हात लावला नाही. कोपराने दार लोटलं आणि म्हणाले, "पोचलास की आधी पीस दाखव. मग चहा पी."

निगडी, रावेत, मग एक्सप्रेसवे. घाटात गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या, पण ड्रायव्हर मजेत होते. "आता तुमी फक्त बसायचं," ते म्हणाले. "चुकायचं ते चुकून झालंय." पावणेबाराला आम्ही विमानतळावर होतो. त्यांनी दोन्ही बॅगा स्वतः गाडीतून काढल्या, उचलताना "आयोव" म्हणाले, आणि दारापर्यंत आले. आत कागद दाखवले, बॅगा उघडून दाखवल्या. तपासणीच्या साहेबांनी एक पीस हातात धरून विचारलं, "ह्यासाठी जर्मनीला?" मी हो म्हणालो. त्यांनी पीस परत कागदात गुंडाळून ठेवला, अगदी काकूंच्या घडीवर.

विमानात माझ्यासमोर एक लहान पडदा होता. त्यावर नकाशा, एक छोटं विमान आणि त्याच्या मागे एक रेघ. कोपऱ्यात उरलेलं अंतर, उरलेला वेळ आणि दोन घड्याळं: निघालेल्या गावाचं आणि जायच्या गावाचं. मी ती दोन घड्याळं बराच वेळ बघत बसलो. फरक साडेचार तासांचा होता, पूर्ण दिवसाचा नव्हता. गुरुजींनी बरोबर शिकवलं होतं. मीच जास्तीचं समजलो होतो.

रेघ सरळ नव्हती. वर, उत्तरेकडे वाकलेली होती. ती बघून मला आमच्या शाळेतला पृथ्वीगोल आठवला. त्याची दांडी मोडलेली होती म्हणून तो गुरुजी पितळी तांब्यावर ठेवायचे. खिशात दोऱ्याची रीळ असायची. दोन गावांवर बोटं ठेवायला सांगायचे आणि दोरा ताणायचे. "नकाशावर मोजू नका, गोलावर मोजा," म्हणायचे, "दोरा आपोआप जवळची वाट धरतो." पहिल्या बाकावर बसून मी त्या दोऱ्याचं एक टोक कितीदा धरलं होतं. ज्या वर्गात कुणी पुण्याच्या पुढे गेलेलं नव्हतं, तिथे तो माणूस आम्हाला विमानाच्या वाटा मोजायला शिकवत होता. स्वतः ते कधी विमानात बसले नसावेत. मी तिथल्या तिथे खुर्चीत हात जोडले. शेजारच्याला वाटलं असेल, हा घाबरलाय.

फ्रँकफर्टला उतरलो तेव्हा घड्याळात सहा चाळीसच झाले होते आणि बाहेर अजून अंधार होता. गिऱ्हाईक कंपनीची गाडी आली होती. दीड तासावर त्यांचा कारखाना. त्यांनी चहा विचारला, मी नको म्हणालो आणि बॅगा दाखवल्या. तपासणीला एक बाई होत्या, पिकलेले केस, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी कागद उलगडला, पीस पुसला, त्यांचा गेज घेतला आणि मनगट जरासं फिरवत छिद्रात सोडला. तो स्वतःच्या वजनाने आत गेला. मनगट फिरवायची ती लकब मी ओळखली. काका तसंच फिरवतात. इतक्या लांब, दुसऱ्या भाषेच्या माणसाच्या हातात तीच लकब होती. त्यांनी एकामागून एक सगळे तपासले. एकही बाजूला ठेवला नाही. मग कागदावर सही करून इंग्रजीत म्हणाल्या, छान काम आहे.

अकराच्या आत पहिला बुश लाइनवर चढला. मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेतीनची शिफ्ट बदलत होती. मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

"गेला का आत?" काका ओरडले.

"गेला."

"किती?"

"सगळे, काका. एकशे चौसष्ट."

ते फोनपासून वळले. "मशीन बंद करा रे! सगळी बंद करा!" एकेक आवाज थांबत गेला. चालू शिफ्टमध्ये काकांनी सगळी मशीन बंद केलेली मी आधी कधी ऐकली नव्हती. पूर्ण शांत झाल्यावर ते म्हणाले, "आता परत सांग."

मी परत सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, काही नाही. कुणीतरी मागून फक्त "हां" असं म्हणालं. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. शर्ट तेलाचा होता, त्यामुळे चष्मा आणखीच खराब झाला. तेवढ्यात काकूंनी फोन घेतला. "दशम्या खाल्ल्यास का?"

"विमानातच खाल्ल्या."

"मग आता चहा पी."

संध्याकाळी वडिलांना फोन केला. ते मोंढ्यातून नुकतेच घरी आले होते. मी कुठे आहे हे त्यांना माहीत होतं, पण कशासाठी हे नीट माहीत नव्हतं.

"किती घंटे लागले?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"नऊच?" त्यांना पटेना. "आपल्या गावाहून निगडीला यायला एसटीला दहा लागतेत की. म्हंजे जर्मनी जवळच हाय म्हण!" ते स्वतःच हसले. "आन् काय नेलास?"

"लोखंडाचे पीस. दोन बॅगा. बेचाळीस किलो."

"बेचाळीस? अर्धं पोतं बी न्हाई. एवढ्यासाठी इमान?" मग जरा थांबून म्हणाले, "म्हंजे पाठीवर न्हाई, पन वझंच नेलास. हमालाचं पोरगं हमालीच करून आलं." त्यांच्या आवाजात जे होतं त्याला मी नाव देणार नाही. त्यांनी जन्मभर एका दारातून उचललेलं पोतं दुसऱ्या दारात ठेवलं, आणि एकही वाटेत टाकलं नाही. माझ्याकडून यापेक्षा मोठं काही झालं असेल असं मला वाटत नाही.

परत आल्यावर ड्रायव्हरांकडे पेढे घेऊन गेलो. त्यांनी एक उचलला आणि बाकी गाडीच्या काचेजवळ, देवासमोर ठेवले. "मी काय केलं? वार इचारला," म्हणाले.

बुशचं काम काकांकडेच राहिलं. अकरापैकी कुणी घरी गेलं नाही. जुना गेज काकांनी फेकला नाही. मोजणीच्या टेबलावर दोरीने टांगून ठेवलाय. बोर्डावर आता थर्ड शिफ्टपुढे दोन वार लिहितात, म्हणजे "गुरु-शुक्र", "शुक्र-शनि". माझं विमानाचं बोर्डिंग कार्ड त्यांनी टेबलाच्या काचेखाली घातलंय. आमच्या कंपनीतून एखादा नवा इंजिनिअर तपासणीला गेला की काका त्याला खुर्ची पुसून देतात, कार्डावर बोट ठेवतात आणि विचारतात, "साहेब, हे विमान पकडायचं तर घरून कोणत्या वारी निघायचं?" त्याने उत्तर दिल्याशिवाय काकू चहा आणत नाहीत. परवा एकाने "शुक्रवारी" असं सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. काकांनी माझ्याकडे बघितलं, हसले नाहीत, आणि त्याच्यापुढे खडू धरला.

"बसा," ते म्हणाले. "आमच्या इंजिनिअरनं बी असंच सांगितलं होतं."